रबरी बेडूक आणि मामा तलावातली मरळ

(दृश्य: पहाट. तलावाची पाळ. पाळीवरून टोपल्या घेऊन चाललेल्या बाया. खाली कमळाच्या पानांनी झाकलेलं पाणी.)

मार्च महिना. गोंदिया जिल्ह्यातलं एक गाव. अजून पुरतं उजाडलेलं नाही. बाया मोहफुलं वेचायला निघाल्यात. तलावाचं पाणी बरंच उतरलंय. काठाला बेशरमाची झुडपं, त्यापुढं कमळाची पानं, आणि पलीकडं देवधानाचा, म्हणजे तलावात आपसूक उगवणाऱ्या रानधानाचा, वाळलेला पट्टा. सगळं शांत आहे. आणि मधूनच पानांच्या आडून एक आवाज येतो. पचाक! ओल्या फरशीवर चप्पल आपटावी तसा.

ही मरळ.

मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यातच, हवा घ्यायचा तिचा वेगळा अवयव असतो. थोड्या थोड्या वेळानं पाण्यावर येऊन तोंडभर हवा घेतली नाही, तर ती पाण्यात राहूनही गुदमरते. म्हणून खोल, मोकळ्या पाण्यापेक्षा ती काठाच्या उथळ, गवताळ पाण्यात रमते. हवा जवळ, आडोसा जवळ, आणि बेडूक, टोळ, बारीक मासोळी हे खाणंही तिथंच. तिला धरायला गळ कोणता, दोरा कोणता, काठी किती लांब, या सगळ्याची उत्तरं या एका सवयीत आहेत. दुकानात जाण्याआधी पाळीवर अर्धा तास नुसतं बसून राहा, असं मी नव्या पोरांना सांगतो ते याचसाठी.

(दृश्य: तलावाचा विस्तार, तुडूम म्हणजे शेताला पाणी सोडायची मोरी, सांडवा.)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या चार जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं धानासाठी ते बांधले. पाळ कुठं घालायची, सांडवा कुठून काढायचा, हे त्यांना जमिनीचा उतार डोळ्यांनी पाहून कळत होतं. 1950च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली आणि हे झाले माजी मालगुजारी तलाव. लोकांच्या तोंडी मामा तलाव. पाणी धानाला, शिंगाडा आणि मासोळी मासेमारी करणाऱ्या ढिवरांना, अशी इथली वहिवाट. आजही बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. तेव्हा हौसेनं गळ टाकायला जाणाऱ्यानं आधी संस्थेच्या माणसाला विचारायचं. आणि अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकायचाच नाही.

(दृश्य: एका म्हाताऱ्या ढिवराचे हात. बांबूची काठी, जाड दोरा, एकच मोठा गळ.)

हे आमच्या शेजारचे काकाजी. वय सत्तरीच्या पुढं. त्यांचं सामान एवढंच. बांबूची लांब काठी, काठीएवढाच दोरा आणि एक गळ. रील नाही, तरंगतं काही नाही. काठी पुढं करायची आणि आमिष पानांच्या फटीत टपकन सोडायचं. वर उचलायचं, पुन्हा सोडायचं. फटीमागून फट. ही रीत आजही कुठल्याही महागड्या रॉडपेक्षा दाट पानांत सरस आहे. दोरा आडवा ओढावाच लागत नाही, मग तो अडकणार कुठं?

पण काकाजींच्या गळाला पूर्वी जिवंत बेडूक असायचा. धानाच्या बांधीतला बेडूक म्हणजे फुकटचा राखणदार, किडे खाऊन पीक वाचवणारा. बेडकाच्या तंगड्यांसाठी देशभर त्यांची इतकी धरपकड झाली की अखेर 1987 साली भारतानं ती निर्यात बंद केली. आता काकाजींच्या गळालाही रबरी बेडूक असतो. तो मी आणून दिला. पहिल्या दिवशी त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिला आणि म्हणाले, "आतमंदी पोकळ हाये का गा हा?"

नेमकं तिथंच त्याचं मर्म आहे.

(दृश्य: तळहातावर रबरी बेडूक. अगदी जवळून.)

नीट पाहा. पोट पोकळ, मऊ रबराचं. मागं दोन गळ, पण टोकं खाली नाहीत. वर वळून पाठीला चिकटलेली. त्यामुळं हा बेडूक कमळाच्या पानावरून, शेवाळावरून सरसर घसरत येतो आणि टोकं कशालाच अडत नाहीत. मरळीनं तोंडात धरला की पोट दबतं, टोकं उघडी पडतात. बोटानं दाबून पाहा. टोकं उघडी पडायला जोर लागत असेल, तर तो बेडूक घेऊ नका. दबतो छान, पण मासोळी सुटतेच, असं होत असेल तर पक्कडीनं दोन्ही टोकं अगदी किंचित बाहेर वाकवायची. गव्हाच्या दाण्याएवढी. जास्त वाकवली की पुन्हा गवत ओढून आणणार. आणि दर आठ-दहा फेकींनंतर पोट दाबून आत शिरलेलं पाणी काढून टाका. जड झालेला बेडूक शेपटीकडून बुडतो आणि गवतात रुततो.

हा बेडूक काही मरळीसाठी जन्मला नाही. तो अमेरिकेतल्या बास नावाच्या माशाच्या नादी लागलेल्या लोकांकडून आला. तिकडचा लार्जमाउथ बासही असाच. गवताच्या आडोशाला दबा धरणारा, भलं मोठं तोंड उघडून झडप घालणारा. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्यानं 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास नकली आमिषावर धरला. तो विक्रम पुढं 77 वर्षं अबाधित राहिला. 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात कुरिता नावाच्या माणसानं त्याची बरोबरी केली. आपल्या मामा तलावांत बास नाही, आणि आणूही नये. परक्या शिकारी माशानं इथली मासोळी खाऊन टाकायला वेळ लागणार नाही. पण गवतातल्या शिकाऱ्याला कसं फसवायचं, ही त्यांची विद्या मात्र आपल्या कामाची आहे.

त्यातलीच दुसरी युक्ती म्हणजे रबरी गांडूळ. त्याच्या डोक्यातून गळ घालून बाहेर काढायचा, फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. पुढं शिशाची छोटी गोळी. बेडूक पाण्यावर चालतो, हा खाली चालतो. दुपारी ऊन तापलं, मरळ वर यायला तयार नसली, की पानांच्या कडेला तो हळूहळू सोडायचा. चमच्यासारखं पातं फिरणारा स्पिनर मात्र सांडव्याजवळच्या मोकळ्या पाण्यातच वापरा. त्याची तीन टोकांची गरी कमळात गेली की पहिल्याच फेकीत देठाला बसते. गढूळ पाण्यात स्पिनर चांगला चालतो, कारण माशाच्या कुशीवरच्या रेषेला पाण्यातली थरथर जाणवते, दिसलं नाही तरी.

रंगाचा बाऊ करू नका. मरळ खालून वर बघते. तिला दिसते ती आभाळावर उमटलेली सावली. पहाटे आणि तिन्हीसांजेला मी काळा बेडूक लावतो. एवढंच.

गळाच्या नंबरात मात्र पुष्कळांची फसगत होते. साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो. म्हणजे 10 नंबरचा गळ 4 नंबरपेक्षा बारीक. पण आकड्यापुढं तिरपी रेघ आणि शून्य आलं की उलटं. 4/0 हा 1/0 पेक्षा मोठा. मरळीच्या रबरी गांडुळाला 2/0 ते 4/0 पुरतो.

(दृश्य: दोन दोरे शेजारी शेजारी. एक पारदर्शक नायलॉन, एक विणलेला.)

आता दोरा. इथं मी चुकलो होतो, आणि ती चूक मनातून जात नाही.

पहिला रबरी बेडूक मिळाला तेव्हा माझ्या रीलवर साधा नायलॉन होता, बारीक. मोकळ्या पाण्यात रोहूला तो पुरायचा. मी बेडूक फेकला, दोन हात ओढला, आणि पाणी फुटलं. मी झटका दिला. नायलॉन रबरासारखा ताणला गेला, मरळ कमळाच्या देठांत शिरली, दोन वळसे घेतले आणि दोरा तुटला. बेडूक तिच्या तोंडातच राहिला. दोन्ही टोकं रुतलेली. मी संध्याकाळपर्यंत पाळीवर बसलो, कुठं वर येते का बघत. आली नाही. मासोळी हातची गेली याचं काहीच नाही. ती तोंडात लोखंड घेऊन गेली, आणि गेली ती माझ्या कंजूषपणानं.

तेव्हापासून गवतात विणलेलाच दोरा. 40 पौंडांचा, म्हणजे साधारण 18 किलो ताण सोसणारा. तो ताणत नाही, त्यामुळं झटका गळापर्यंत पोचतो. आणि देठांतून ओढला तर देठ चिरतो. मात्र हाताला कधी गुंडाळू नका, तो बोटंही तसाच चिरतो. तो निसरडा असतो, साधी गाठ सुटते. दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून घ्या, सैल गाठ मारा, पुढं राहिलेल्या फासातून अख्खा गळ आरपार काढा, थुंकीनं ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली तर दोरा घासून तिथंच कच्चा होतो. रॉड साडेसहा-सात फुटांचा, कण्याला ताठ. माशाला देठांत शिरू न देता वर उचलणं हे त्याचं काम. लवचिक रॉडला ते जमत नाही.

उरलेला दोरा काठावर टाकू नका. गोंदियाच्या तलावांवर सारस उतरतात, त्यांच्या पायांत तो अडकू शकतो. खिशात घालून घरी न्यायचा.

(दृश्य: काकाजी आणि निवेदक पाळीखाली. बेडूक पानावर पडतो. थांबतो. हलतो.)

बेडूक पानावर टाकायचा, थेट पाण्यात नाही. थांबायचं. पानावरून हळूच फटीत उतरवायचा. पुन्हा थांबायचं. खरा बेडूक सारखा पळत नाही, दम खातो. दोन थरथरी आणि एक थांबा, दोन थरथरी आणि एक थांबा. मरळ झडप घालते ती बहुतेक वेळा त्या थांब्यात.

आणि मग सगळ्यांत अवघड गोष्ट. पाणी फुटतं, छातीत धस्स होतं, हात आपोआप मागं जातो. नाही. काकाजींचा एक हात माझ्या मनगटावर असायचा.

"घाई नोको करू बाबू. तिले तोंडात घेऊ दे. मंग वढ."

एक, दोन मोजायचं. दोऱ्याला वजन लागलं की मग मात्र पुऱ्या जोरानं. तिचं तोंड हाडाचं आहे, लाजत दिलेल्या झटक्यानं गळ रुतत नाही. लगेच डोकं वर, आणि पानांवरून घसरत काठाला. हात ओले करून धरा. गळ काढायला लांब नाकाची पक्कड जवळ हवी. तिचे दात बारीक असले तरी बोट सोलतात. सोडायची असेल तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पक्कडीनं चेपून ठेवा, सहज निघतो.

(दृश्य: आषाढ. तोच तलाव, भरलेला. पाऊस थांबलाय.)

आता पाळीला पाणी लागलंय. बांधीत रोवणी सुरू आहे. काकाजी आणि मी त्याच जागी. देवधानाच्या कोवळ्या पात्यांत पाण्यावर एक तांबूस ढग हलतो. पसरतो, गोळा होतो. मरळीची पिलं, शेकडो, काडीएवढी, हवा घ्यायला एकदम वर येणारी. त्यांच्या खाली त्यांचे आईबाप आहेत. या दिवसांत पिलांजवळ काहीही पडलं तरी ते त्यावर तुटून पडतात, भूक नसली तरी. म्हणून काही लोक नेमका याच ढगावर बेडूक टाकतात. सोपी मासोळी. पण राखणारेच गेले की पिलं उघडी पडतात, बगळ्यांच्या तोंडी जातात.

काकाजींनी काठी पाळीवर आडवी ठेवली आहे. बिडी पेटवत ते ढगाकडं बोट दाखवतात.

"थे पाय. माय आली वर."

(दृश्य: तांबूस ढगाच्या मधोमध एक काळं डोकं वर येतं, हवा घेतं, आणि खाली जातं. पाण्यावर वर्तुळं. आवाज बंद.)