आधी या गाडीत काय होतं?

मित्रहो, अन्नाची गाडी अस्वच्छ निघाली की पहिलं बोट चालकाकडे वळतं. तो समोर सापडतो, एवढंच त्याचं कारण. आदल्या फेरीला काय भरायचं ते त्यानं ठरवलेलं नसतं, आणि गाडी धुवायला तो दोन तास थांबला तर उशीर झाला म्हणून भाडं कापणारा माणूस भलताच असतो.

१९९४ साली अमेरिकेत आइस्क्रीममधून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची मोठी साथ पसरली. बाधितांचा आकडा सुमारे २,२४,००० असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. आइस्क्रीमचं मिश्रण पाश्चरीकरण करूनच निघालं होतं. पण ज्या टँकरमधून ते कारखान्यात आलं, त्यांतून आधी पाश्चरीकरण न केलेल्या अंड्यांचा द्रव नेला होता, आणि कारखान्यात आल्यावर मिश्रण पुन्हा तापवलं गेलं नाही. आता यात दोषी कोण? टँकर धुणारा? की आधी काय होतं हे न विचारता माल भरू देणारा?

माझ्या मते दुसरा. अमेरिकेच्या अन्नवाहतुकीच्या २०१६च्या नियमात माल पाठवणारा, भरणारा, वाहून नेणारा आणि उतरवून घेणारा अशा चौघांवर जबाबदारी आहे. लेखी करारानं वेगळं ठरलं नसेल, तर मुख्य भार पाठवणाऱ्यावर. युरोपीय संघाचा नियम आणखी रोखठोक आहे. द्रव, दाणेदार किंवा भुकटी स्वरूपातलं अन्न सुटं न्यायचं असेल तर टाकी फक्त अन्नासाठीच राखून ठेवायची आणि तसं तिच्यावर ठळक लिहायचं. असं लिहिणं किती गरजेचं आहे, ते २०२४ मध्ये चीनमध्ये दिसलं. इंधन नेणाऱ्या टँकरमधून, मधे न धुता, खाद्यतेल नेल्याचं तिथे उघडकीला आलं.

आणि धुणं म्हणजे नळी धरून पाणी मारणं नव्हे. आधी चिकटलेला माल खरवडून काढायचा, मग साबण, मग स्वच्छ पाणी, त्यानंतर जंतुनाशक. चिकट थरावर जंतुनाशक ओतलं तर ते वायाच जातं. दाराच्या रबरी पट्ट्या, पाणी निघायची भोकं, नळ्यांचे जोड आणि झडपा इथे घाण दडते. नेमकं तिथेच कोणी बघत नाही. शेवटी गाडी वाळवायची. ओल्या गाडीचं दार लावून रात्रभर ठेवली की सगळी मेहनत पाण्यात. शीतगाडीच्या गारठ्यावरही विसंबू नका. लिस्टेरिया नावाचा रोगजंतू थंडीतसुद्धा वाढतो.

कागद हवेतच: मागचा माल कोणता, गाडी कधी आणि कुठे धुतली, सील क्रमांक काय. मात्र कागद पाहणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. गाडी परत पाठवायचा अधिकार मालधक्क्यावरच्या माणसाला लेखी द्या. नाहीतर तो साहेबांना फोन लावत बसतो, आणि फोन लागेपर्यंत अर्धी गाडी भरून झालेली असते.