मॅक्वारीने डॉलरला भोक का पाडलं?

नमस्कार मंडळी! सिडनीचा व्हिडिओ टाकल्यापासून विचारताय, तिकडे रस्ता मॅक्वारी, विद्यापीठ मॅक्वारी, हा माणूस कोण?

भराभर सांगते. लॅक्लन मॅक्वारी, जन्म १७६२, स्कॉटलंडचं उल्वा बेट. पोरवयात सैन्यात, १७८८ मध्ये ७७व्या पलटणीबरोबर थेट आपल्या मुंबईत. टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढला. १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्व्हिसशी लग्न झालं. तीन वर्षांत ती क्षयाने मकावला वारली. त्याने तिचा देह मुंबईत आणून पुरला. १ जानेवारी १८१० ला न्यू साउथ वेल्सचा, म्हणजे सिडनीभोवतीच्या इंग्रजांच्या वसाहतीचा, गव्हर्नर झाला. आधीचे चौघं आरमारातले, त्यातल्या ब्लायला तर तिथल्याच सैन्याने कैद केलं होतं. म्हणून हा स्वतःची ७३वी पलटण घेऊनच उतरला.

आता ते भोकाचं नाणं. ‘नाणी कमी होती, म्हणून एकाची दोन केली’ हे वाक्य दर दुसऱ्या कमेंटमध्ये असतं आणि माझा खरंच संताप होतो. अहो, नाणी यायची, पण टिकायची नाहीत! जहाजवाला माल विकायचा, चांदी घ्यायचा आणि चालता व्हायचा. १८१२ मध्ये मद्रासहून ४०,००० स्पॅनिश डॉलर, म्हणजे चांदीची नाणी, आली, तीही अशीच गेली असती. म्हणून मॅक्वारीने प्रत्येकाला मधोमध भोक पाडायला लावलं: बाहेरचं कडं हे एक नाणं, भोकातून निघालेली टिकली हे दुसरं.

त्या जहाजवाल्याच्या जागी बसा. मधली चांदी काढलेलं कडं दुसऱ्या बंदरात पूर्ण भावाने कोण घेईल? कोणी नाही. मग तो ते नेईल कशाला?

दुकानदाराकडून बघा. कडं ५ शिलिंगांचं, मधली टिकली १५ पेन्सांची. कायद्याने इथे चालतंय, सुट्ट्यांचीही सोय झाली.

तरी पटत नसेल तर हिशेब मांडा. अख्खा डॉलर साधारण ५ शिलिंगांचा, म्हणजे ६० पेन्स. कडं ६०, टिकली १५, झाले ७५. चांदी तेवढीच, किंमत सव्वापट, पण फक्त वसाहतीत. वेशीबाहेर नेलंत की तोटा तुमचा. भोक त्यासाठी आहे!

नाणं जवळून बघा. स्पेनच्या राजाचा चेहराच गायब, भोकाभोवती नवी अक्षरं: न्यू साउथ वेल्स, १८१३. आणि हे काम केलं कोणी? विल्यम हेन्शलने, जो खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा होऊन तिथे आला होता. मॅक्वारीचं मला हेच भावतं. शिक्षा भोगलेल्याला तो जवळ करायचा. बनावट कागदपत्रांत अडकलेला ग्रीनवे त्याचा वास्तुरचनाकार झाला. तिथल्या धनिकांना हे खुपलं. तक्रारी लंडनला गेल्या, १८१९ मध्ये चौकशीला जॉन बिग आला, शेवटी मॅक्वारी पद सोडून परतला. १८२४ मध्ये वारला.

‘ताई, म्हणजे देवमाणूसच की!’ असं एकाने लिहिलंय. नाही हो. याच माणसाने १७९५ मध्ये कोचीत दोन मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले होते. त्यातला जॉर्ज सिडनीपर्यंत त्याच्या सेवेत होता. आणि १८१६ मध्ये त्याने आदिवासींवर सैनिक पाठवले. मारलेल्या पुरुषांची प्रेतं दहशतीसाठी झाडांना टांगा, असा त्याचा लेखी हुकूम होता. १७ एप्रिलला अ‍ॅपिनजवळ किमान १४ जण मेले, त्यात बायका-मुलंही होती. हे वगळून त्याचं कौतुक करणं मला जमणार नाही.

सिडनीकरांनो, मॅक्वारी स्ट्रीट रोज बघता. कॅटरॅक्ट धरणापाशी अ‍ॅपिनचं स्मारक आहे, तिथे मुलांना घेऊन जाऊन या.