बशीतला अर्क आणि शेतातले झाड

पिकासोबत वाढवलेल्या झाडांची रसायने पिकावर काय परिणाम करतात, हा आजचा जाहीर विषय आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली या परिणामाला ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव दिले, हे आपण जाणताच. म्हणून मी थेट माझ्या आग्रहाकडे येतो. पानांचा अर्क प्रयोगशाळेतील बशीत बियांवर ओतला आणि बी रुजले नाही, एवढ्या पुराव्यावर शेतातल्या झाडाला विषारी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

कॅलिफोर्नियातील एका सुगंधी झुडपाची हकिकत या संदर्भात सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्या झुडपांभोवती एकदोन मीटर रुंदीचा पट्टा उघडा राहत असे आणि त्यापलीकडे गवत दाट वाढे. वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नेलियस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली असे मांडले की, पानांतून उडणारी कापूर व सिनिओल यांसारखी द्रव्ये गवताच्या रोपांची वाढ रोखतात. प्रयोगशाळेत तसा परिणाम दिसतही होता, त्यामुळे हे स्पष्टीकरण सर्वांना पटले. पुढे १९७० साली ब्रूस बार्थोलोम्यू यांनी त्याच उघड्या पट्ट्यात तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले, तेव्हा झुडपाचा सुगंध कायम असूनही पिंजऱ्यांच्या आत रोपे वाढली. झुडपाच्या आडोशाने राहणारे उंदीर, ससे आणि पक्षी तेथील बी व कोवळी रोपे खात होते. रसायनांचा वाटा शून्य होता असे यावरून सिद्ध होत नाही, पण इतका साधा पिंजरा आधी कोणी का ठेवला नाही, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

वेळ थोडा उरला असल्याने मूळ मुद्दा आटोपशीर मांडतो. काळ्या अक्रोडाचे उदाहरण भक्कम आहे: त्याच्या मुळांत, पानांत व फळांच्या हिरव्या सालीत असलेल्या निरुपद्रवी द्रव्याचा हवेशी संयोग होऊन जुग्लोन हे विषारी द्रव्य बनते आणि टोमॅटो कोमेजतो. सुबाभळीत मिमोसीन हे रोपांची वाढ रोखणारे द्रव्य असते. निलगिरीच्या पानांत सिनिओल व फिनॉलवर्गी द्रव्ये असतात. तथापि, हवा खेळती असलेल्या जमिनीत सूक्ष्मजीव जुग्लोनचे विघटन करतात, तर पाणथळ जमिनीत ते अधिक काळ टिकते. म्हणजे तेच झाड दोन शेतांत वेगळे वागू शकते. शिवाय सावली आणि मुळांची पाण्यासाठीची ओढाताण यांनीही पीक तसेच खुरटते.

झाड व पीक यांच्यामध्ये चर खणून मुळे तोडली आणि पीक सुधारले, तरी दोष रसायनाचा की पाण्याच्या स्पर्धेचा याचा निर्णय होत नाही, कारण चराने पाण्याची स्पर्धा आणि मुळांतून येणारे रसायन ही दोन्ही एकदमच थांबतात. म्हणून एका पट्ट्याला जादा पाणी व खत द्यावे, दुसऱ्यात रसायने शोषून घेणारा सक्रिय कोळसा मिसळावा, आणि कोळशाने मातीतील अन्नद्रव्येही बदलत असल्यामुळे झाडापासून दूरच्या एका पट्ट्यातही तेवढाच कोळसा मिसळून मगच तुलना करावी.