एवढं काळं आभाळ

[दृश्य: बीड जिल्हा, बालाघाटचं पठार. जूनची दुपार.]

मृग लागून आठ दिवस झालेत. पठारावर नुसता वारा आहे. वखरून ठेवलेली रानं, बांधावर एखादी बाभूळ, लांबवर पवनचक्क्यांची रांग. चित्रकलेचे एक सर इझल लावून आभाळ रंगवतायत. हार्डबोर्डच्या तुकड्यावर जमिनीला त्यांनी खालची चार बोटं जागा दिलीय. वरचं सगळं ढगांचं.

बोर्डाच्या पाठीवर पेन्सिलीनं टिपलंय: तारीख, दुपारचे साडेतीन, वारा नैर्ऋत्येचा.

ही सवय जॉन कॉन्स्टेबलची. १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्यानं नुसतं आभाळ रंगवलं, पुन्हा पुन्हा. कित्येक चित्रांच्या पाठीवर दिवस, वेळ आणि वारा लिहिलेला आहे. रोमँटिक काळातला हा चित्रकार गिरणीवाल्याचा मुलगा. तरुणपणी वडिलांच्या पवनचक्कीवर त्यानं काम केलेलं. वाऱ्यावर पोट असलेल्या घरातून तो आला होता, म्हणून तर मला तो इथला वाटतो.

मराठवाडाही त्या काळात चित्रांत उतरला. जेम्स वेल्स या ब्रिटिश चित्रकारानं वेरूळची लेणी रेखाटली, थॉमस डॅनियल या दुसऱ्या ब्रिटिश चित्रकारानं ती १८०३ मध्ये लंडनला छापून आणली. देखणी चित्रं आहेत. पण ते पाहुण्याचं बघणं.

[दृश्य: चित्र जवळून.]

जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिखचा तो प्रसिद्ध पाठमोरा माणूस, १८१८ च्या सुमाराचा, कड्यावर उभा राहून खाली पसरलेलं धुकं बघतो. सरांच्या चित्रातही एक पाठमोरा माणूस आहे. बांधावर उभा, बाभळीपेक्षा बुटका, मान वर केलेली. सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलंय, आणि आभाळ रोज भरून येतं नि तसंच पुढं निघून जातं. फ्रीडरिखचं अथांग पायाखाली आहे. याचं डोक्यावर, आणि वर्षाचं पीक त्या आभाळाच्या हातात.

तोच माणूस आता बांध उतरून इझलपाशी येतो. बराच वेळ चित्र बघत राहतो.

“सर, एवढं काळं नव्हतं हो आभाळ. एवढं काळं असतं तर कव्हाच चाड्यावर मूठ धरली असती.”

सर वर बघतात. मग चिंधी घेतात, आणि ढगाच्या पोटातला पेन्स ग्रे, तो गडद निळसर करडा रंग, हळूहळू पुसायला लागतात.