दहा टनांत अर्धा ग्रॅम

[दृश्य: निफाड तालुक्यातला द्राक्षाचा प्लॉट, सकाळ. घडांचे जवळून शॉट.]

फेब्रुवारी महिना. थॉमसन जातीच्या द्राक्षांचा प्लॉट काढणीला आलाय. प्रयोगशाळेतून आलेला माणूस ओळींमधून फिरतो आणि एखाद्या वेलावरून एक घड कापतो, मग पलीकडच्या ओळीतला एक, एक बांधाकडचा, एक अगदी मधला. पिशवीला सील लागतं, त्यावर प्लॉटचा नोंदणी क्रमांक चढतो. अहवाल हातात येईपर्यंत निर्यातीच्या मालाला कात्री लावायची नाही. बागायतदाराच्या हातात फवारणीची वही आहे. डाऊनी रोगासाठी काय मारलं, भुरी रोगासाठी काय, एकरी किती, कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडले, सगळं तिच्यात लिहिलेलं.

अहवालात रसायनांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकासमोर एक मर्यादा, किलोमागे मिलिग्रॅममध्ये. उदाहरणार्थ 0.05. दहा टन द्राक्षांत ते रसायन सगळं मिळून अर्धा ग्रॅम. त्याहून जास्त निघालं, तर तो माल युरोपला जात नाही.

[दृश्य: अहवालाचा कागद, आकड्यांवर सरकणारं बोट.]

नाशिककरांना या आकड्याची किंमत नीट ठाऊक आहे. 2003 साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष सापडले आणि त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. पुढे अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी यंत्रणा आली. द्राक्षांच्या छोट्या डब्यावरच्या, म्हणजे पनेटवरच्या, क्रमांकावरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येऊ लागला. तरीही 2010 चा हंगाम बसला. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराईड, बागांमधल्या बोलीत सीसीसी. वेलीची वाढ आवरायला वापरायचं ते वाढरोधक. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. युरोपातल्या प्रयोगशाळांनी ते शोधलं, मर्यादा 0.05 होती, आणि माल अडकला. वर्षभर राबून पिकवलेली द्राक्षं परक्या बंदरात उभी राहणं म्हणजे काय, हे इथल्या घराघरांनी सोसलंय.

मग हे आकडे ठरतात तरी कुठे?

[दृश्य: नकाशा. नाशिकवरून रोमकडे.]

युरोपची मर्यादा युरोप स्वतः ठरवतो. पण साऱ्या जगासाठीचं सामाईक माप ठरवणारी संस्था रोममध्ये आहे: कोडेक्स अलिमेंटारियस आयोग. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना, या दोघींनी मिळून तो उभा केला. पहिली बैठक 1963 मध्ये झाली. भारत 1964 पासून सदस्य आहे. आज 188 देश आणि युरोपीय संघ त्यात बसतात.

आयोग खरं काम समित्यांकडून करून घेतो, आणि प्रत्येक समितीला एकेक देश यजमान असतो. खर्च त्याचा, अध्यक्षही त्याचाच. कीडनाशकांच्या अवशेषांची समिती 1966 पासून नेदरलँड्सकडे होती, 2007 पासून ती चीनकडे आहे. अन्न-स्वच्छतेची अमेरिकेकडे, ताज्या फळभाज्यांची मेक्सिकोकडे. मसाल्यांची समिती आपल्याकडे आहे. 2014 मध्ये कोचीत तिची पहिली बैठक भरली आणि 2017 मध्ये जिऱ्याचं आणि मिऱ्याचं जागतिक मानक मंजूर झालं.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचेच्या कुप्या, यंत्राचा पडदा.]

फवारणीच्या एका औषधाची मर्यादा कशी ठरते, ते जरा सावकाश पाहू. इथे घाई केली की सगळा गैरसमज होतो.

समितीत देश बसतात, पण आकड्याचा अभ्यास देश करत नाहीत. त्यासाठी तज्ज्ञांची वेगळी बैठक आहे, 1963 पासूनची. तिथे शास्त्रज्ञ स्वतःच्या नावावर बसतात, देशाचे प्रतिनिधी म्हणून नाही. त्यांच्यापुढे दोन गठ्ठे असतात. पहिला विषारीपणाचा. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीही अपाय दिसला नाही, ती मात्रा घ्यायची आणि साधारणपणे शंभराने भागायची. प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी दहा, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा. लहान मूल, आजारी माणूस, गरोदर बाई, सगळे त्यात यायला हवेत. जे उरतं ते आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल असं प्रमाण.

दुसरा गठ्ठा शेतातला. औषध लेबलवर लिहिल्याप्रमाणेच मारलं आणि ठरलेले दिवस थांबून फळ तोडलं, तर त्यात किती उरतं? वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रयोगांचे आकडे लागतात. मर्यादा या गठ्ठ्यातून निघते. मग देशोदेशीचे लोक ते फळ किती खातात याचा हिशोब मांडून तज्ज्ञ पहिल्या गठ्ठ्याशी ताळा घालतात.

म्हणून मर्यादा ओलांडलेलं द्राक्ष म्हणजे विष, असं सरसकट म्हणणं चूक आहे. औषध नेमून दिल्याप्रमाणे वापरलं गेलं नसावं, एवढंच तो आकडा बहुतेक वेळा सांगतो. आणि औषध नेमून दिल्याप्रमाणे वापरणं ही फक्त युरोपातल्या रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाची गरज नाही. पाठीवर पंप घेऊन बागेत उतरणाऱ्या मजुराचीही आहे, आणि नाशिकच्या रविवार कारंजावर पाव किलो द्राक्षं घेणाऱ्या आईचीही.

[दृश्य: सभागृह. देशांच्या पाट्या, कानाला लावलेली भाषांतराची यंत्रं.]

तज्ज्ञांचा आकडा मग समितीच्या टेबलावर येतो. कोडेक्सची पद्धत आठ पायऱ्यांची. मानक हवं की नको हे आयोग ठरवतो, मसुदा तयार होतो, तो सगळ्या देशांकडे जातो, हरकती येतात, समिती त्यांवर बोलते, आयोग पुन्हा पाहतो. मग हीच फेरी आणखी एकदा, आणि शेवटी मंजुरी. वाद नसेल तर मधल्या पायऱ्या गाळता येतात. असेल तर वर्षं जातात. कंपन्यांच्या आणि ग्राहकांच्या संघटना निरीक्षक म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसतं.

शक्यतो मतदान टाळतात, एकमत होईपर्यंत बोलत राहतात. मतदान झालं की काय होतं, हे 2012 मध्ये रोमला दिसलं. प्रश्न होता रॅक्टोपामाईनचा. डुकरांच्या, गुरांच्या खाद्यात मिसळायचं हे औषध, मांस वाढवणारं. अमेरिकेला त्याच्या अवशेषांची मर्यादा मंजूर करून हवी होती, युरोपीय संघ आणि चीन विरोधात. निकाल 69 विरुद्ध 67. दोन मतांनी जागतिक मानक झालं, आणि युरोपने त्यानंतरही ते औषध आपल्या बाजारात येऊ दिलं नाही.

कारण कोडेक्स हा कायदा नाही. त्याला वजन आलं ते 1995 पासून, जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे. एखाद्या देशाला कोडेक्सपेक्षा कडक नियम लावायचा असेल, तर त्याला शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. युरोप असे नियम लावतो. ज्या औषध-पिकाच्या जोडीसाठी वेगळी मर्यादा ठरलेलीच नाही, तिथे तो सरळ 0.01 धरतो.

[दृश्य: पॅकहाऊस. टोप्या, हातमोजे, वजनकाटा, पनेट.]

इथेच नाशिकचा प्रश्न येतो. आकडा नसणं म्हणजे मोकळीक नव्हे, तो सगळ्यात कडक आकडा असतो. आणि आकडा हवा असेल तर शेतातल्या प्रयोगांची माहिती कुणीतरी न्यावी लागते. मोठ्या पिकांसाठी, मोठ्या बाजारांसाठी कंपन्या ती तयार करतात. ज्या औषधाचं पेटंट संपलंय, किंवा ज्या पिकाचा बाजार लहान आहे, तिथे कंपनीला रस नसतो. मग सरकारी संशोधनाने पुढे यायला हवं. आपल्याकडे कीडनाशक अवशेषांवरचा अखिल भारतीय प्रकल्प आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्याचं केंद्र आहे, पुण्याजवळच्या मांजरी गावात द्राक्ष संशोधन केंद्र आहे. काम होतं. पण आपल्या उन्हात, आपल्या मातीत, आपल्या छाटणीच्या वेळापत्रकानुसार घेतलेले आणखी प्रयोग हवेत.

भारताचं म्हणणं दिल्लीतून जातं, अन्नसुरक्षा प्राधिकरणातल्या राष्ट्रीय कोडेक्स समितीमार्फत. मसुद्यांवर हरकती घ्यायला मुदत असते, आणि ती मुदत ऐन हंगामातही येऊ शकते. बागायतदारांच्या संघटनांनी ती तारीख छाटणीच्या तारखेसारखी लक्षात ठेवायला हवी. आपल्या सभासदांच्या फवारणीच्या वह्या एकत्र कराव्यात, कोणतं औषध खरोखर लागतं आणि कोणतं सोडता येतं हे त्यांतून काढावं, आणि कोणत्या औषधाचे प्रयोग आधी घ्यायचे ते राहुरीला आणि मांजरीला लेखी कळवावं. पुढची यादी रोममध्ये चर्चेला येण्याआधी.