घामाची वाट अडवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ताक, पन्हं, डोक्याला रुमाल हे घरोघरी चालूच असतं, त्यात वेळ घालवत नाही. आज विषय आहे याच दिवसांत मैदानावर असणाऱ्या लेकरांचा. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर मारणारी पोरं, ८०० मीटरवाल्या पोरी, खो-खो अन् कबड्डीची सुट्टीतली शिबिरं.

पळणारं लेकरू आतून तापतं. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला तीन चतुर्थांश भाग तरी उष्णताच होतो. हवा ३५ अंशांच्या वर गेली की ही उष्णता हवेत जात नाही, उलट हवाच अंग तापवते. मग सुटका एकच, घाम. आणि तो नुसता येऊन भागत नाही, वाळला पाहिजे. घाम वाळला तरच अंग गार होतं.

यावरून स्टॉकहोमची गोष्ट सांगतो. १९१२ चं ऑलिम्पिक, १४ जुलै, मॅरेथॉनचा दिवस. स्वीडन थंड मुलूख, पण त्या दिवशी पारा तिशीच्या वर, आणि शर्यत सोडली भर दुपारी. पाहुणे येईपर्यंत लेकरांना उन्हात रांगेत बसवायची बुद्धी काही फक्त आपल्याकडेच नाही! ६८ जण सुटले, निम्मेच पोहोचले. त्यात पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो होता. धंद्याने सुतार, घरच्या शर्यती जिंकून आलेला. ऊन बाधू नये म्हणून त्याने अंगाला चरबी की मेण चोपडलं होतं, असं सांगतात. गेला ऊन अडवायला आणि अडवून बसला घाम. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच प्राण सोडला बिचाऱ्याने.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी. उन्हाचा तडाखा त्यालाही बसला. पण वाटेत एका बागेत काही मंडळी खात-पीत बसली होती, तिथे हा थांबला. त्यांनी सरबत पाजलं, विसावा दिला. मग लाजेपोटी गडी पंचांना न कळवताच मायदेशी परतला. पुढे १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये पळाला, तरी स्वीडनच्या दप्तरात आपला बेपत्ताच! शेवटी १९६७ साली त्याला बोलावून घेतलं आणि पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने ती शर्यत पुरी केली. वेळ पुकारली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २० सेकंद आणि वर थोडं. मधल्या काळात लग्न झालं, सहा लेकरं, दहा नातवंडं झाली, असं म्हातारा म्हणाला म्हणे. थांबला, म्हणून झाली.

लाझारोची चरबी आपल्याकडे कोण चोळतं? वजनगटात बसायला कुस्ती-कबड्डीतली पोरं मे महिन्यात रेनकोट नाहीतर जर्किन घालून पळतात, ती चरबीच. उतरतं ते पाणी. सरावाआधी आणि नंतर लेकराला काट्यावर उभं करा. ५० किलोचं लेकरू एक किलो उतरलं, तर पाणी कमी पडलं. पुढच्या काही तासांत थोडं थोडं करत दीड लिटर पोटात जाऊ द्या, मीठ-साखरेसह. सरावात दर २० मिनिटांनी पेलाभर, तहान लागो न लागो.

सराव सकाळी आठच्या आत आटपा. नव्या लेकराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पहिला आठवडा निम्माच सराव द्या, पहिल्याच दिवशी दमसास बघू नका. आणि मैदानाच्या कडेला ते शोभेचे पाम कशाला लावतात कळत नाही, कडुलिंब लावा की!

आता नीट ऐका. पळता पळता लेकरू भेलकांडलं, असंबद्ध बोललं, विनाकारण चिडलं, तर तो उष्माघात धरा. अंगाला घाम असला तरी धरा. परत सांगतो, घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्याच्यावर जाऊ नका. क्रोसिनने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आधी थंड करा, मग हलवा. एकाने १०८ लावायचा. बाकीच्यांनी बूट-मोजे, जाड कपडे काढून लेकरू ताडपत्रीवर घ्यायचं, चौघांनी कडा उचलून झोळी करायची, त्यात चार-पाच बादल्या पाणी आणि फोडलेला बर्फ. डोकं पाण्याबाहेर धरायचं, पाणी सारखं हलवत ठेवायचं. १०-१५ मिनिटं, किंवा ते कुडकुडेपर्यंत. बर्फ नसेल तर बोअरचं पाणी सारखं ओता आणि पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. आधी थंड, मग गाडी. उन्हात तापलेल्या जीपमध्ये घालून तालुक्याला नेण्यातच मोलाचा अर्धा तास जातो.

शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण मूत्रपिंड आणि यकृताला बसलेला मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू शकतो. पुढचा आठवडाभर तरी मैदान बंद, आणि नंतरही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, पहिल्यासारखंच निम्म्या सरावापासून.