चुंबक खिशातच राहू द्या

मंडळी, अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, समजून तुम्ही आणलेले दगड व्याख्यानाआधी चाळून पाहिले. जवळपास प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘सर, चुंबक चिकटतं.’ साताऱ्यात ते चिकटणारच! आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या जांभ्यात लोह इतकं, की धावड लोक त्यातून लोखंड गाळत. अशा भट्टीचा स्लॅग, म्हणजे लोखंड गाळून उरलेला मळ, काळा, जड आणि वितळल्यासारखा. हातात आला की माणूस हमखास फसतो.

त्यात आणखी एक गोष्ट. खऱ्या अशनीला जोरकस चुंबक लावलंत, तर तिच्यात कोट्यवधी वर्षं टिकलेली चुंबकीय नोंद पुसली जाते. म्हणजे आपल्याकडे हे चुंबक खोट्याला खरं ठरवतं आणि खऱ्याची नासाडी करतं.

मग बघायचं काय? आधी साल. वातावरणातून येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो, त्याची काळी साल सहसा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. तुटक्या कडेला ती आतल्या फिकट दगडापासून वेगळी उठून दिसते. दगडाला वायूच्या बुडबुड्यांची भोकं दिसली, तर तो बहुतेक इथलाच.

शंका उरलीच तर एक कोपरा ओल्या पॉलिश पेपरवर घासा. खरी मजा इथे आहे. करड्या दगडात धातूचे चमकते कण दिसतील आणि भिंगाखाली बारीक गोल दाणे. हे कॉन्ड्रूल. ग्रह बनण्याआधी सूर्याभोवतीच्या धुळीत वितळून थिजलेले थेंब. पृथ्वीवरच्या कुठल्याही खडकात ते नाहीत. ज्यात ते असतात तो कॉन्ड्राइट, आणि पडताना पाहिलेल्या अशनींपैकी ८० टक्क्यांहून जास्त याच जातीच्या.

सामान्य कॉन्ड्राइटचे गट तीन: एच, एल आणि एलएल. एचमध्ये लोह सर्वांत जास्त, एलएलमध्ये सर्वांत कमी. गटाच्या अक्षरापुढचा ३ ते ६ हा आकडा मूळ लघुग्रहाच्या पोटात दगड किती भाजला ते सांगतो. तीनमध्ये कॉन्ड्रूल कळीच्या लाडवातल्या कळ्यांसारखे सुटे दिसतात, सहामध्ये विरघळून गेल्यासारखे. गुजरातेत २८ जानेवारी १९७६ ला पडलेली धजाला ही अशनी एच ३.८ आहे. घरी मात्र ‘बहुधा एल, पाच-सहा’ एवढंच लिहा, तेही पेन्सिलीनं. पक्का गट दगडातल्या ऑलिव्हिन या खनिजामधल्या लोहाच्या प्रमाणावर ठरतो, आणि ते मोजायला प्रयोगशाळाच लागते.

आता आपल्यासाठी सगळ्यात अवघड प्रकार: अकॉन्ड्राइट. यात कॉन्ड्रूल नाहीत, धातूही जवळजवळ नाही. त्यातला युक्राइट बहुतेक व्हेस्टा लघुग्रहावरचा बेसॉल्ट, म्हणजे आपल्या पायाखालच्यासारखाच लाव्हाचा काळा पाषाण. बिहारमध्ये शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेला सुमारे पाच किलोचा दगड तर मंगळावरचा, आणि तोही बेसॉल्टच. साल झिजलेला असा तुकडा यवतेश्वर घाटात पडलेला असेल, तर तो ओलांडून मीसुद्धा सरळ कासला जाईन.

कधी डोळ्यांदेखत पडलीच अशनी, तर धुऊ नका, धातू गंजतो. जागेचा फोटो काढा, वेळ लिहा, कोरड्या पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनींचा मोठा संग्रह त्यांनीच कोलकात्यात सांभाळलाय.